शोभेच्या चौघी

ठोकताईला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्या नगरपालिकेला ठाऊक आहे. बाई दिसेल ते ठोकून बघते. भिंत, दार, फरशी, बाजारातलं कलिंगड. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा: "भरीव" किंवा "पोकळ". लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेली तेव्हा चहा यायच्या आत तिनं दिवाणखान्याची भिंत ठोकली आणि विहिणीच्या तोंडावर सांगितलं, "पोकळ आहे हो, प्लास्टर सुटलंय." त्यावर विहीणबाई दोन वर्षं तिच्याशी धड बोलल्या नाहीत. मग एक दिवस प्लास्टर पडलं, थेट नव्या सोफ्यावर. तेव्हा बोलल्या, पण जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नगरपालिकेच्या डागडुजी विभागात तिची तीसेक वर्षं गेली. काम एकच, इमारतीवरच्या देवांची नि बायांची नाकं-बोटं जागच्या जागी ठेवणं. कारण ही इमारत म्हणजे एक प्रकरणच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यानं ती बांधली त्याला ग्रीक पुराणांचं भलतंच वेड असणार. मुख्य दारावर शिरस्त्राण घातलेली अथीना, तिच्या खांद्यावर घुबड. तिला सगळे म्हणतात हेल्मेटवाली. पाणीपट्टीच्या खिडकीवर त्रिशूळ घेतलेला समुद्रदेव आहे, तो मच्छीवाला. मधल्या दालनात गुडघा टेकून आख्खं आभाळ खांद्यावर तोलणारा ॲटलास आहे, तो अर्थातच हमाल. वसुली विभागाच्या दारावर केसांच्या जागी वळवळते साप असलेली मेडूसा आहे. तिला काय म्हणतात ते मी सांगणार नाही, त्या विभागाच्या प्रमुखबाई अजून नोकरीत आहेत.

पण इमारतीचा जीव विचाराल तर तो पोर्चमध्ये. तिथे खांबांच्या जागी दगडाच्या चार बाया उभ्या आहेत. माणसाच्या दीडपट उंच, अंगावर चुण्याचुण्यांचं वस्त्र, एक गुडघा किंचित पुढे आणि डोक्यावर वाटोळी दगडी उशी. त्या उशीवर तुळई, तुळईवर अख्खं पोर्च. कारागीर त्या उशीला चुंबळ म्हणतात, ओझं नेताना डोक्यावर ठेवतात ती. आणि बायांना म्हणतात चौघी. "चौघींच्या इथे भेट," असं सांगितलं की गावातलं कुणीही बरोबर येऊन उभं राहतं.

आता चौघींपैकी तिसरीची गोष्ट. तिच्यातलं खरं जगात आता दोनच माणसांना माहीत होतं, ठोकताईला आणि तिच्या वडिलांना.

तिचे वडील, आप्पा, साचेवाले. प्लास्टरचे साचे करण्यात त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. चौतीस वर्षांपूर्वी एका ट्रकनं मागे येताना तिसरीला धडक दिली आणि तिचा चुराडा झाला. ठेकेदार आप्पांकडे आला. म्हणाला, दगड यायला वेळ लागेल, तोवर प्लास्टरची पोकळ मूर्ती बसव, दोन महिन्यांत बदलून टाकू. कागदावर मात्र त्यानं "नवीन दगडी मूर्ती" असं लिहून आणलं होतं. आप्पांनी त्यावर सही केली. का केली? एक तर ठेकेदार म्हणाला, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. आणि खरं सांगायचं तर त्यांना ती मूर्ती करायचीच होती. त्याच थंडीत त्यांची बायको गेली होती. बावीस वर्षं ती डोक्यावर मालाचं घमेलं घेऊन परांच्या चढली, याच इमारतीच्या डागडुजीवर कितीदा तरी. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आप्पांनी तिसरीला तिचा चेहरा दिला.

ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. ठेकेदार कधीच वर गेला, दगड काही आला नाही, आणि ठोकताईला आई बघायची झाली की ती नगरपालिकेच्या पोर्चमध्ये जाते. तिची मुलं लहान होती तेव्हा त्यांना आजी दाखवायची तर तिथेच. "ती बघ, तिसरी. नाक तुझ्यासारखं आहे की नाही?"

आप्पा कारागीर पक्के. प्लास्टरवर भार आला तर ते फुटतं, म्हणून त्यांनी तिसरीच्या चुंबळीत आणि तुळईत एक जाड कागद जाईल एवढी फट ठेवली होती, खालून दिसणार नाही अशी. म्हणजे तिसरी नुसतीच उभी आहे. तिच्या वाट्याचा भार शेजारच्या दोघी, दुसरी आणि चौथी, चौतीस वर्षं वाटून घेताहेत. त्यांच्या मानेत भेगा पडल्यात. ठोकताई दरवर्षी शिडी लावून दुसरीच्या मानेतली भेग बुजवायची आणि हळूच म्हणायची, "बाई गं, सोस अजून थोडं." तोंड उघडायची तिचीही छाती झाली नाही. ते तिला डाचत होतं, हेही सांगून टाकतो.

यंदा नगरपालिकेत नव्या नगराध्यक्षा आल्या. बाई हुशार, कामसू, बोलायला तर काय विचारता! त्यांनी चौघींकडे पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. बाईच्या डोक्यावर शंभर वर्षं छप्पर? हे या काळात शोभतं का? त्यांनी ठरवलं, चौघींना उतरवून बागेत मोकळ्या हवेत ठेवायचं. पोर्चला वर काच लावायची. कार्यक्रमाचं नावही ठरलं: भारमुक्ती. गुळगुळीत जाड कार्डावर सोनेरी अक्षरांत निमंत्रणं छापून आली.

उतरवायचं तर आधी तपासणी हवी. ती केली नव्या अभियंता साहेबांनी. मुलगा वाईट नव्हता, फक्त घाईत होता. छिद्र पाडायचं मशीन घेऊन तो पोर्चमध्ये आला. विजेचं बटण दारापाशी, आणि मशीनची वायर पोहोचली ती फक्त तिसरीला. त्यानं तिसरीच्या पाठीला भोक पाडलं, आत पोकळी लागली. झालं! अहवालात लिहून टाकलं, "चारही मूर्ती पोकळ व शोभेच्या असून पोर्चचा भार भिंतीतील तुळयांवर आहे." एका शितावरून त्यानं भाताचा अंदाज घेतला, आणि नेमकं तेच शीत दुसऱ्या पातेल्यातलं निघालं.

कामाचा हुकूम ठोकताईच्या हातात पडला बुधवारी. शुक्रवारी दुपारी कार्यक्रम. "शोभेच्या मूर्ती, नग चार, मानेपाशी व पायापाशी कापून उतरवणे."

"टेकू कुठंयत?" तिनं मुकादमाला विचारलं.

"कसले टेकू? शोभेच्या आहेत ना."

"शोभेच्या तुझ्या..." ती तिथेच थांबली. मुकादम जुना माणूस, उगाच कशाला. तिनं साहेबांना गाठलं, पहिलीपाशी नेलं आणि पेरानं ठोकलं. "ऐका. भरीव आहे. ही काढली तर वरचं सगळं खाली येईल."

साहेब हसला. "ताई, तुमचं बोट ऐकायचं की माझं मशीन?"

"मशीननं कुठली बघितली?"

"एक बघितली म्हणजे चारही बघितल्या. रजिस्टरला चौघींचं एकच वर्णन आहे, दगडी."

आता इथे सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण रजिस्टरमध्ये आप्पांची सही होती, आणि आप्पांच्या खोलीत भिंतीवर नगरपालिकेचं मानपत्र होतं, दोनच वर्षांपूर्वी दिलेलं: "पाषाणमूर्तींचे आजन्म राखणदार." ठोकताई तशीच वळली आणि तरातरा घरी गेली.

आप्पा खिडकीशी बसून कसलंसं फुलाचं नक्षीकाम घासत होते. वय त्र्याऐंशी, पण हात रिकामा ठेवतील तर शपथ. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली नाही.

"मी गेल्यावर सांग," ते म्हणाले.

"छप्पर थांबेल का तोवर? शुक्रवारी पडेल ते. खाली माणसं असतील, आप्पा."

"मला चोर म्हणतील."

"म्हणतील."

"आणि तिला फोडतील. खोटी मूर्ती म्हणून फोडून टाकतील. मग कुठे बघायची तिला?" आता कानस थांबली. "चेहरा विसरायला लागलोय मी. सकाळी तिथे जाऊन बघून येतो तेव्हा आठवतो."

ठोकताईला रडू यायला हवं होतं, पण तिला आला राग. आप्पांचा आला, ठेकेदाराचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. "चौतीस वर्षं दुसरी नि चौथी आपल्या घरचं ओझं वाहताहेत," ती म्हणाली. "आईनं आयुष्यात आपलं घमेलं कधी दुसरीच्या डोक्यावर दिलं होतं का? सांगा ना. ताप असताना तरी दिलं होतं का?"

आप्पांनी तोंड फिरवलं. गुरुवारी ठोकताईनं कामाचा हुकूम मुकादमाला परत केला.

शुक्रवारी ऊन मी म्हणत होतं. त्यामुळे मुकादमानं काय केलं असेल? सगळ्या खुर्च्या पोर्चच्या सावलीत मांडल्या. ऐंशी खुर्च्या, अगदी छपराखाली. पुढच्या रांगेत शाळेच्या मुली, हातात फुलं. ठोकताईनं काम नाकारलं म्हणून त्यानं बाहेरचा एक कटरवाला बोलावला होता. नगराध्यक्षा माइकपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी चौघींची गोष्ट सांगितली. जुन्या काळी कारिए नावाच्या गावानं शत्रूला साथ दिली. विजेत्यांनी तिथल्या बायकांना गुलाम केलं आणि त्यांची शिक्षा सगळ्या जगाला कायम दिसावी म्हणून त्यांच्या डोक्यावर दगडी छप्पर ठेवलं. "आज आपण त्यांची शिक्षा संपवत आहोत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कटरवाल्यानं पहिलीच्या मानेपाशी मशीन नेलं.

"बंद कर ते."

ठोकताई पहिलीला पाठ लावून उभी होती. अंगात कामाचा निळा गणवेश, हातात हातोडी. मुकादम दात-ओठ खात पुढे आला. "बाजूला हो. नोटीस मिळेल."

"मिळू दे. फ्रेम करून लावीन."

नगराध्यक्षा समजुतीनं म्हणाल्या, "ताई, अहो, हे तुमच्यासारख्या कष्टकरी बायकांसाठीच करतोय आपण."

"माझ्यासाठी करताय तर मला विचारायचं होतंत, मॅडम." तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आणि कसली शिक्षा? शिक्षा झालेल्या बाईची मान अशी असते होय? वर बघा जरा. आतल्या त्या हमालालाही म्हणे देवांनी शिक्षा दिली आभाळ उचलायची. जो उचलतो त्याला शिक्षा झालीय, असं नेहमी सावलीत बसलेल्यांनाच कसं काय वाटतं? माझी आई बावीस वर्षं घमेलं घेऊन परांच्या चढली. तिला कुणी शिक्षा केली नव्हती. मी जेवावं म्हणून चढत होती. तिला मोकळं करायचं असेल तर आधी डोक्यावरचं उतरवून घेतात, मॅडम, मग बाईला बाजूला घेतात. बाईच काढून घेतलीत तर ओझं कुणावर पडेल?" आणि तिनं हातोडीनं खुर्च्या दाखवल्या.

चार-पाच जणांनी वर बघितलं. एका मास्तरीणबाईंनी मुलींना उठायला सांगितलं.

"मूर्ती पोकळ आहेत!" साहेब ओरडला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "अहवाल आहे माझ्याकडे!"

"तुम्ही तिसरी बघितलीत. वायर तिथवरच पोहोचत होती म्हणून बघितलीत."

"मग? तिसरी वेगळी आहे का काय?"

पुन्हा तीच जागा आली. ठोकताईनं एकदा तिसरीकडे पाहिलं. मग शाळेच्या एका मुलीच्या हातातलं निमंत्रणाचं कार्ड मागून घेतलं, शिडी ओढली आणि तिसरीला टेकवली. वर चढली. सोनेरी अक्षरांचं ते जाड कार्ड तिनं तिसरीच्या चुंबळीवर ठेवलं आणि ढकललं. कार्ड एका बाजूनं आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर आलं. ते तिनं सगळ्यांना दाखवलं.

"हिच्या डोक्यावर काही नाही. आता या, साहेब, तुम्हीच या. दुसरीच्या डोक्यावर हेच घालून दाखवा."

साहेब चढला, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं. कार्ड दुसरीच्या चुंबळीला लावलं, दाबलं, वाकवलं. कार्ड दुमडलं, पण नखभरही आत गेलं नाही. चौथीला तेच झालं. पहिलीलाही. दुसरीच्या मानेतली भेग त्याच्या नाकासमोर होती, तिच्यात त्याचं बोट जात होतं. तो शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. "सगळे बाहेर व्हा," तो म्हणाला. मग माइक हातात घेऊन पुन्हा म्हणाला. ऐंशी खुर्च्या बघता बघता रिकाम्या झाल्या.

बाहेर उन्हात नगराध्यक्षांनी विचारलं, "तिसरी अशी कशी? रजिस्टरला तर दगडी आहे."

ठोकताईनं तोंड उघडलं, पण उत्तर मागून आलं.

"मी केलीय ती. प्लास्टरची आहे. कागद खोटा आहे आणि त्यावर सही माझी आहे."

आप्पा काठी टेकत पुढे आले. अंगात जुना कामाचा सदरा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. ती त्यांनी सरळ नगराध्यक्षांच्या हातात दिली. ते मानपत्र होतं.

"हे तुमचं तुम्हाला. मला चोर म्हणायचं तर म्हणा, पण माझ्या पोरीला नोटीस द्याल तर बघा. तुमच्या अख्ख्या नगरपालिकेत ठोकून बघणारं एकच माणूस आहे." मग ते लेकीकडे वळले आणि नेहमीच्या कुरकुऱ्या स्वरात म्हणाले, "शिडी चुकीची लावलीस. घसरली असती."

त्या दिवशी भारमुक्ती झाली नाही. पुढच्या आठवड्यात पोर्चखाली लोखंडी टेकू लागले, साहेबांनी स्वतः उभं राहून लावून घेतले. अहवाल बदलला. पहिली, दुसरी आणि चौथी जागेवर राहणार, मानेच्या भेगा नीट भरणार आणि तिसरीच्या जागी खरीखुरी दगडी मूर्ती येणार. आप्पांची चौकशी लागली. ती अजून चालू आहे आणि प्रत्येक तारखेला ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून जातात. ठोकताईला नोटीस मिळालीच: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. तिनं ती खरंच फ्रेम केली आणि जिथे मानपत्र होतं त्याच खिळ्याला लावली.

राहिली तिसरी. तिच्यासाठी हुकूम निघाला: "निरुपयोगी प्लास्टर, फोडून टाकणे." फोडायचं काम डागडुजी विभागाकडे, म्हणजे ठोकताईकडे. तिनं भर दुपारी ते एकटीनं केलं. पाय फोडले, धड फोडलं. आतून काथ्या, तारा आणि चौतीस वर्षांची धूळ निघाली. मानेपाशी मात्र तिनं हातोडी ठेवली, करवत घेतली आणि तासभर हळूहळू कापत राहिली. डोकं अख्खं निघालं, चुंबळीसकट. तिनं रुमालाची गुंडाळी करून डोक्यावर ठेवली, त्यावर ते आईचं डोकं घेतलं आणि फाटकाकडे चालू लागली.

फाटकावर मुकादम बसला होता. सामान बाहेर न्यायचं तर पास हवा. तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता अडवणार, आणि तिनं कमरेला खोचलेल्या हातोडीचा दांडा घट्ट धरला. पण त्यानं मान खाली घातली, पासांचं पुस्तक उघडलं आणि स्वतःच लिहायला लागला. मालाचं वर्णन या रकान्यात त्यानं लिहिलं, "शोभेची वस्तू, नग एक." आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवलं.

ठोकताईनं एका हातानं डोक्यावरचं ओझं सांभाळलं, दुसऱ्या हातानं पेन घेतलं. "शोभेची" या शब्दावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, "भाराची." खाली सही केली आणि पास फाडून खिशात घातला.

"जड आहे का?" मुकादमानं विचारलं. दुसरं काही सुचलं नसावं.

"आहे तर," ती म्हणाली आणि मान ताठ ठेवून भर रस्त्यानं घरी निघाली.